सद्गुण म्हणजे ज्ञान, तर मग माहीत असूनही माणूस चुकतो कसा?

वळणवाट (मूळ प्रश्न)

नमस्कार. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान पहिल्यापासून वाचायला घेतलं आहे. शिकवणारं कोणी नाही, इंग्रजी भाषांतरं समोर ठेवून आपलं आपण चाललंय. प्लेटोचे 'मेनो' आणि 'प्रोटॅगोरस' हे दोन संवाद वाचून झाले आणि एका जागी अडलो आहे, म्हणून इथे विचारतो.

सॉक्रेटिसचं म्हणणं मला समजलं ते असं: सद्गुण हे एक प्रकारचं ज्ञान आहे. वाईट ते वाईट म्हणून कळल्यावर कोणी जाणूनबुजून त्याच्या मागे जात नाही. जो चुकतो तो अज्ञानापोटी चुकतो. 'मेनो'त हे तो चार ओळींत काढून दाखवतो. वाईट गोष्टींनी आपलं नुकसान होतं, नुकसान झालेला माणूस दुःखी होतो, आणि आपण दुःखी व्हावं असं कोणालाच वाटत नाही; तेव्हा वाईटाची इच्छा कोणीच धरत नाही. कागदावर यात खोट काढता येत नाही. पण रोज डोळ्यांना जे दिसतं त्याच्याशी हे जुळत नाही.

माझं काम अपघातात सापडलेल्या गाड्यांची विम्यासाठी पाहणी करण्याचं. चेपलेलं बॉनेट, फुटलेल्या काचेवरची खूण, रस्त्यावर ब्रेकचे पट्टे उमटलेत की नाहीत, हे रोजचंच. माझा एक सहकारी या कामात माझ्यापेक्षा कितीतरी मुरलेला आहे. पट्टे दिसले नाहीत की तो म्हणतो, 'नजर फोनवर होती.' बऱ्याचदा पुढे तेच निघतं. हाच माणूस परतीच्या वाटेवर फोन वाजला की एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने उचलतो. आता याला काय माहीत नाही? फोन उचलल्याने काय होतं हे त्याच्याइतकं जवळून बघितलेली माणसं कमी असतील. 'तुझं अज्ञान आहे' असं याला सॉक्रेटिसने कुठल्या तोंडाने सांगावं?

दुसरी अडचण. सद्गुण ज्ञान असेल तर तो शिकवता यायला हवा. 'मेनो'त सॉक्रेटिस स्वतःच तसं म्हणतो. मग सद्गुण शिकवणारं कोणी सापडत नाही म्हणून तो ज्ञान नव्हे असं ठरवतो, आणि तो दैवी देणगीने येत असावा असं म्हणून उठून जातो. 'प्रोटॅगोरस'मध्ये तर अदलाबदलच होते. शिकवता येत नाही म्हणणारा सॉक्रेटिस शेवटी सगळे सद्गुण ज्ञानच आहेत म्हणतो, आणि शिकवण्याची फी घेणारा प्रोटॅगोरस ते ज्ञान नव्हे म्हणून अडून बसतो. मग सॉक्रेटिसचं मत नक्की कोणतं धरायचं?

जाणकारांनी जरा उलगडून सांगावं. पुढे काय वाचू तेही सुचवा.


कर्णरेषा

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे 'मेनो'मधला माझा आवडता भाग ठरलेला आहे. तुमच्या प्रश्नात तो आला नाही म्हणून लिहिते, कारण माझ्या मते किल्ली तिथेच आहे.

मेनो वैतागून विचारतो, जे मुळात माहीतच नाही ते शोधायचं कसं? आणि समोर आलं तरी 'हेच ते' हे ओळखायचं कसं? सॉक्रेटिस मेनोच्या नोकरांतल्या एका पोराला पुढे बोलावतो. गुलाम, मेनोच्याच घरात जन्मलेला, ग्रीक बोलतो, भूमिती कधी शिकलेला नाही. दोन फूट बाजूचा चौरस काढून दाखवतो, क्षेत्रफळ चार. आता याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाचा चौरस हवा, तर बाजू किती? पोरगा ठासून सांगतो, बाजूही दुप्पट, चार फूट. आकृती पुरी केल्यावर सोळा भरतात. मग तो तीन म्हणतो, नऊ भरतात. तेव्हा तो देवाची शपथ घेऊन सांगतो, सॉक्रेटिस, मला खरंच माहीत नाही.

इथलं एक वाक्य वाचताना सहज निसटतं. भाषांतराच्या कडेला ८४ हा आकडा छापलेला असतो, त्याच्या आसपास बघा. सॉक्रेटिस पोराला म्हणतो, आकड्यात सांगायचं नसेल तर कुठल्या रेषेवर ते नुसतं दाखव. ही सवलत उगाच दिलेली नाही. आठ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू पूर्णांकांच्या कुठल्याच गुणोत्तरात बसत नाही, त्यामुळे पोराने कितीही आकडे सांगितले असते तरी ते चुकलेच असते. दाखवता मात्र ती येते. मूळ चौरसासारखे चार चौरस एकमेकांना लावून मांडायचे आणि प्रत्येकाला एकेक कर्ण काढायचा. मधे जो तिरका चौरस तयार होतो त्यात चौघांचे अर्धे अर्धे भाग येतात, म्हणजे बरोब्बर आठ. ही रेषा, असं पोरगा दाखवतो.

आता तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध. उत्तर बरोबर आल्यावरसुद्धा 'याला आता ज्ञान झालं' असं सॉक्रेटिस म्हणत नाही. ही मतं त्याच्यात आत्ताच स्वप्नासारखी जागी झाली आहेत, असं म्हणतो. हेच त्याला पुष्कळदा आणि निरनिराळ्या तऱ्हांनी विचारलं, तर शेवटी त्याला ते इतर कोणाइतकंच नेमकं कळेल. वर्गात मी हे बघत आले आहे. कर्णाचं उत्तर पाठ झालेल्या मुलासमोर तीच आकृती फळ्यावर तिरकी काढून मापं बदलली, की तो हमखास 'बाजू दुप्पट' म्हणतो. आधीचं उत्तर त्याने कॉपी केलेलं नव्हतं, ते त्याला येतच होतं. पण ते त्या एका आकृतीपुरतं होतं.

तुमच्या सहकाऱ्याचं ज्ञान यातल्या कुठल्या पायरीवर आहे, ते या विषयातल्या मंडळींनी सांगावं.


ओसरी

कर्णरेषा ताई, ८४ ची ती ओळ दाखवलीत, फार बरं वाटलं. तिच्याकडे मीही थांबतो.

वळणवाट, तुमच्या दोन अडचणी मुळात एकच आहेत असं मला वाटतं. हे संवाद वाचताना आपण युक्तिवाद वहीत उतरवून घेतो आणि बोलणारी माणसं सोडून देतो. प्लेटोने ती माणसं फार विचारपूर्वक निवडली आहेत. त्याच्या वाचकांना त्यांचं पुढे काय झालं हे ठाऊक होतं. मेनोचंच बघा. सद्गुण म्हणजे काय याची एकामागून एक व्याख्या फेकणारा हा थेसलीचा देखणा, श्रीमंत तरुण इ.स.पू. ४०१ मध्ये धाकट्या सायरस या इराणी राजपुत्राच्या मोहिमेत सेनापती म्हणून गेला, आणि त्याच मोहिमेत असलेल्या झेनोफनने त्याचं वर्णन पैशाला हपापलेला, मित्रांनाच फसवणारा असं करून ठेवलं आहे. सद्गुणावर मोठमोठ्या सभांपुढे उत्तम भाषणं केल्याचं मेनो स्वतःच सांगतो.

पण तुमच्या प्रश्नासाठी मी 'लॅकीस' हा छोटा संवाद पुढे करीन. एका बैठकीत वाचून होतो, आणि मला तो 'मेनो'पेक्षा जास्त लागलेला आहे.

'मेनो'त ॲनायटस येऊन बसतो तो भाग आठवा. (सॉक्रेटिसवर इ.स.पू. ३९९ मध्ये खटला भरणाऱ्या तिघांपैकी एक तो हाच.) सॉक्रेटिस त्याला अथेन्सच्या थोर पुरुषांची नावं घेऊन विचारतो, यांनी आपल्या मुलांना सद्गुण शिकवला का? थेमिस्टोक्लीसचा मुलगा क्लिओफान्टस पळत्या घोड्याच्या पाठीवर ताठ उभा राहून भाला फेकायचा, पण बापाचं शहाणपण त्याच्यात उतरल्याचं कोणी ऐकलं आहे का? पेरिक्लीसने दोन्ही मुलांना घोडेस्वारी, संगीत, व्यायाम यांत पटाईत केलं, बाकीच्याचं काय? मग आणखी दोन नावं येतात. ॲरिस्टायडीसचा मुलगा लायसिमॅकस, आणि थ्युसिडिडीसचा मुलगा मेलेसिअस. (हा थ्युसिडिडीस राजकारणी, इतिहासकार तो वेगळा.)

'लॅकीस' सुरू होतो तो याच दोघांपासून. लायसिमॅकस आणि मेलेसिअस म्हातारे झाले आहेत. एकत्र जेवतात. जेवताना आपापल्या वडिलांच्या पराक्रमाच्या गोष्टी मुलांना सांगतात, आणि स्वतःचं सांगण्यासारखं काहीच नाही याची त्यांना मुलांपुढे लाज वाटते. आमचे वडील इतरांची कामं निस्तरत राहिले आणि आम्हाला मोकाट सोडलं, असं लायसिमॅकस उघड बोलून दाखवतो. आता आपल्या मुलांचं तसं होऊ नये म्हणून ते दोन नामवंत सेनापतींना, निकिआस आणि लॅकीसला, विचारायला आले आहेत: चिलखत घालून लढायची जी नवी विद्या शिकवतात ती मुलांना शिकवावी का? 'सद्गुण शिकवता येतो का' हा प्रश्न इथे दोन बापांच्या पोटातून आलेला आहे. मला तो त्याच रूपात खरा वाटतो.

पुढे बोलणं धैर्याकडे वळतं. लॅकीस साधा शिपाईगडी. जागा न सोडता शत्रूला तोंड देणं म्हणजे धैर्य, असं तो म्हणतो, आणि सॉक्रेटिस त्याला पळता पळता लढणाऱ्या सिथियन घोडेस्वारांची आठवण करून देतो. निकिआसचं उत्तर मात्र थेट सॉक्रेटिसच्याच शाळेतलं आहे: कशाची भीती बाळगावी आणि कशाचा भरवसा धरावा याचं ज्ञान म्हणजे धैर्य. हे तुमच्याच तोंडून ऐकलेल्या गोष्टीवरून म्हणतोय, असा त्याचा सूर आहे. म्हणजे 'सद्गुण म्हणजे ज्ञान' हे सूत्र इथे दुसऱ्याच्या तोंडी आहे, आणि सॉक्रेटिस त्यालाच प्रश्न विचारत सुटतो. भीती पुढे येणाऱ्या वाईटाची असते. पण ज्याला खरोखर ज्ञान आहे त्याला तेच वाईट झालेलं, चाललेलं आणि होणारं, तिन्ही काळांत ओळखता येईल. मग हे ज्ञान धैर्यापुरतं कसं राहील? तो सगळाच सद्गुण झाला. निकिआसला उत्तर सुचत नाही. नंतर कोणाची तरी मदत घेऊन नीट करून घेईन, असं म्हणून तो विषय सोडतो.

याच ओघात सॉक्रेटिस एक वाक्य टाकून जातो: युद्धात काय होणार हे सेनापतीला ज्योतिष्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून कायदा सेनापतीला ज्योतिष्यावर हुकूम करायला सांगतो, उलट नाही.

आता इ.स.पू. ४१३. सिसिलीत सिराक्यूजच्या वेढ्यात अथेन्सचं सैन्य खचलेलं, आजाऱ्यांनी भरलेलं. निघून जायचं एकदाचं ठरलं, जहाजं तयार झाली, आणि २७ ऑगस्टच्या रात्री पौर्णिमेच्या चंद्राला ग्रहण लागलं. सैनिक बिथरले. सेनापती निकिआसने ज्योतिष्यांचं ऐकून जाहीर केलं की तीन वेळा नऊ दिवस होईपर्यंत हलण्याची चर्चासुद्धा करणार नाही. तेवढ्यात शत्रूने बंदराचं तोंड बंद केलं. आरमार गेलं, जमिनीवरून माघार घेताना सैन्य कापलं गेलं, उरलेले दगडाच्या खाणीत कोंडले गेले, निकिआसला ठार मारण्यात आलं.

प्लेटो 'लॅकीस' लिहायला बसला तेव्हा हे अथेन्समध्ये घरोघर माहीत होतं. प्रत्येक वाचकाचं कोणीतरी त्या खाणींत गेलेलं असणार. कशाला भ्यावं याचं ज्ञान म्हणजे धैर्य, ही व्याख्या प्लेटोने नेमकी या माणसाच्या तोंडी घातली. व्याख्या खोटी आहे म्हणून घातली असं मला वाटत नाही. निकिआसकडे वाक्य होतं. ग्रहणाच्या रात्री शत्रूच्या आरमाराला भ्यायचं की काळवंडलेल्या चंद्राला, हे ठरवायची वेळ आली तेव्हा ते वाक्य त्याच्यापाशी राहिलं नाही.

'मेनो'चा शेवटचा भाग आता पुन्हा वाचा. लारिसाला जाणारा रस्ता ज्याला माहीत आहे तो तुम्हाला पोचवेल, आणि ज्याने रस्ता पाहिलेला नाही पण ज्याचा अंदाज बरोबर आहे तोही पोचवेल. मग ज्ञानाला इतकी किंमत का? सॉक्रेटिस दंतकथेतला कारागीर डेडॅलस याच्या पुतळ्यांचं उदाहरण देतो. ते बांधून ठेवले नाहीत तर पळून जातात. खऱ्या मतांचंही तसंच. ती चांगली असतात, पण थांबत नाहीत. कारण काय याचा विचार करून ती बांधून टाकली की मग ज्ञान होतात. मला माहीत आहे असं छातीठोकपणे मी फार थोड्या गोष्टींबद्दल म्हणेन, त्यांतली ही एक, असं तो तिथे म्हणतो. सॉक्रेटिसच्या तोंडी असं बोलणं विरळा. 'मेनो'चा शेवट या पुतळ्यांच्या उजेडात वाचला तर तुमची दुसरी अडचणही सैल होते. थेमिस्टोक्लीसकडे, पेरिक्लीसकडे खरी मतं होती, ती बांधलेली नव्हती. म्हणून मुलाच्या हातात देता आली नाहीत.

तुमच्या सहकाऱ्याबद्दल 'प्रोटॅगोरस'च्या शेवटाकडे, ३५६ च्या आसपास बघा. जवळची वस्तू मोठी दिसते आणि दूरची लहान. डोळ्याचं जसं, तसंच सुखदुःखाच्या मापाचं. आत्ता हातात वाजणारा फोन जवळ आहे, ब्रेकचे न उमटलेले पट्टे दूर. सॉक्रेटिसच्या मते आपल्याला वाचवेल ती मापण्याची विद्या, जी जवळदूरच्या या दिसण्याला दाबून टाकते. अपघात का होतात याची माहिती असणं आणि फोन वाजत असताना हे माप अचूक घेता येणं, या दोहोंमध्ये बरंच अंतर आहे. सॉक्रेटिस दुसऱ्यालाच ज्ञान म्हणतो.


टाचणी

ओसरी, निकिआसचा धागा मलाही नवा नाही, पण इतका जुळवून कोणी सांगितला नव्हता. तरीही माझी हरकत आहे, आणि ती जुनीच आहे.

चुकला की 'खरं ज्ञान नव्हतंच', नीट वागला की 'होतं'. अशाने सॉक्रेटिसचं विधान खोटं ठरण्याची सोयच राहत नाही. जे विधान कुठल्याच परिस्थितीत पडू शकत नाही त्याने आपल्याला सांगितलं तरी काय?

आणि त्या काळच्या ग्रीकांनाही हे पटत नव्हतं. इ.स.पू. ४३१ मध्ये युरिपिडीसच्या नाटकात मेडिया स्वतःची मुलं मारायला निघताना म्हणते, मी केवढं वाईट करणार आहे हे मला कळतंय, पण माझा संताप माझ्या विचारापेक्षा बलवान आहे. तीन वर्षांनी त्याच्याच नाटकातली फीड्रा म्हणते की चांगलं काय ते आम्हाला कळतं, पण हातून होत नाही. सॉक्रेटिस तेव्हा अथेन्समध्येच होता, चाळिशीच्या आसपासचा. ज्ञानाला गुलामासारखं इकडून तिकडे फरफटत नेलं जातं असं लोक मानतात, हे 'प्रोटॅगोरस'मध्ये तो स्वतः सांगतो. ते लोक कोण, हे शोधायला फार लांब जायला नको.

ॲरिस्टॉटल 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या सातव्या भागात स्पष्ट म्हणतो की सॉक्रेटिसचं हे मत उघड दिसणाऱ्या गोष्टींच्या विरुद्ध जातं. त्याआधी दुसऱ्या भागात त्याने वाट दाखवून ठेवली आहे: घरं बांधून माणूस गवंडी होतो, वीणा वाजवून वादक होतो, आणि न्यायाने वागून न्यायी. सद्गुण अंगवळणी पाडावा लागतो. वळणवाट यांच्या सहकाऱ्याला मापनविद्येची गरज नाही. गाडीत बसताना फोन मागच्या सीटवर टाकायची सवय लागली की पुरे.


वळणवाट

कर्णरेषा, ओसरी, टाचणी, तिघांचेही मनापासून आभार. 'लॅकीस' आजच उघडतो.

एक शंका राहते. ओसरी म्हणतात, कारणाने बांधलं की ज्ञान. माझा सहकारी कारणं सांगू शकतो. नजर हटली की त्या क्षणात गाडी किती मीटर पुढे जाते, ब्रेक लागायला किती वेळ जातो, सगळं आकडेमोड करून अहवालात लिहितो. मग ते बांधलेलंच म्हणायचं ना? मी त्याला एकदा विचारलं होतं, 'मग तू का उचलतोस?' तर म्हणाला, 'मला सवय आहे, माझं लक्ष असतं.'


ओसरी

त्याचं हे उत्तर सॉक्रेटिसने सोडलं नसतं. 'माझं लक्ष असतं' हे एक मत आहे, आणि ते त्याच्या अहवालातल्या प्रत्येक वाक्याच्या विरुद्ध आहे. नजर हटली की कोणाचाही ताबा सुटतो असं तो लिहितो, आणि माझा सुटत नाही असं मानतो. दोन्ही मतं त्याच्यात एकत्र नांदताहेत, कारण त्यांना कोणी समोरासमोर आणलेलं नाही. सॉक्रेटिसचं प्रश्न विचारणं म्हणजे हेच समोरासमोर आणणं. 'गॉर्जिअस'मध्ये तो कॅलिक्लीसला बजावतो की हे खोडून काढलं नाहीस तर कॅलिक्लीसचं कॅलिक्लीसशीच आयुष्यभर पटणार नाही. 

टाचणी, तुमच्या हरकतीलाही माझं उत्तर इथूनच निघतं. ज्ञान होतं की नाही हे कृतीनंतर मागे वळून ठरवलं, तर तुम्ही म्हणता तसं विधान पोकळ होईल. पण सॉक्रेटिस आधी तपासतो. संवादातला निकिआस प्रश्नांपुढे टिकत नाही तो सिराक्यूजच्या कितीतरी आधी. लॅकीस इ.स.पू. ४१८ मध्ये मँटिनीआच्या लढाईत पडला, म्हणजे हे बोलणं त्यापूर्वीचं धरायला हवं. ग्रहण लागायच्या निदान पाच वर्षं आधी, भर दिवसा, चार माणसांत कळलं होतं की या माणसाची व्याख्या त्याने स्वतः बांधलेली नाही. विधान खोटं पाडायचं असेल तर असा माणूस दाखवावा लागेल जो आपल्या मताचं कारण सगळ्या बाजूंनी देऊ शकतो, उलटतपासणीत कुठेही स्वतःच्या विरुद्ध जात नाही, आणि तरी वाईट करतो. मेडिया तशी आहे का? संताप बलवान आहे असं ती म्हणते, पण त्याच नाटकात शत्रूंना आपल्यावर हसू देणं हे तिला सगळ्यात असह्य वाटतं. तिचं माप नक्की कुठल्या बाजूला झुकलेलं आहे, हे मला तिच्या एका वाक्यावरून ठरवता येत नाही.

ॲरिस्टॉटलचा सातवा भाग थोडा पुढे वाचा. दारूच्या अमलाखाली एम्पेडोक्लीस या तत्त्वज्ञ कवीच्या ओळी घडाघडा म्हणणारे लोक तो उदाहरणाला घेतो, आणि नुकते शिकायला लागलेले. ते वाक्य जुळवतात, पण अजून त्यांना ते कळलेलं नसतं. ते त्यांच्या अंगात भिनावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. प्रकरणाच्या शेवटी तो कबूल करतो की सॉक्रेटिसला जे सिद्ध करायचं होतं ते एका अर्थी खरं निघतं, कारण विकार ज्याला फरफटवतो ते पूर्ण अर्थाने ज्ञान नसतंच. सवयीचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फोन मागच्या सीटवर टाकायला मीही सांगेन. मात्र 'मला सवय आहे' असंच तोही म्हणतोय. कुठली सवय लावायची हे ठरवताना मापाचा प्रश्न पुन्हा दारात येतो.

प्लेटोनेही हे सगळं असंच ठेवलं नाही, हे वळणवाट यांना सांगायला हवं. 'रिपब्लिक'च्या चौथ्या भागात लिओन्टिअस नावाचा माणूस पिरेअस बंदराहून वर येत असताना तटाबाहेर त्याला जल्लादापाशी पडलेली प्रेतं दिसतात. बघावंसं वाटतं, किळसही येते. तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो, शेवटी डोळे फाडून धावत जातो आणि आपल्याच डोळ्यांना म्हणतो, घ्या मेल्यांनो, हे सुंदर दृश्य पोटभर बघा. हा प्रसंग सांगून तिथला सॉक्रेटिस मनाचे भाग पाडतो: विचार एक, संताप दुसरा, वासना तिसरी. 'प्रोटॅगोरस'मधल्या सॉक्रेटिसला असे भाग लागले नव्हते. दोन्हींत मला 'प्रोटॅगोरस' जवळचा वाटतो, कारण मनाचे भाग पाडले की चूक झाल्याचा दोष वासनेवर टाकून मोकळं होता येतं आणि आपलं मत तपासायचं राहून जातं.

पुढचं वाचन. 'लॅकीस' झाला की 'गॉर्जिअस' घ्या, मग 'रिपब्लिक'चा पहिला आणि चौथा भाग, ॲरिस्टॉटल त्यानंतर. 'थिएटेटस' आत्ता घेऊ नका, जड जाईल. त्यातला १५१ च्या आसपासचा परिच्छेद मात्र 'लॅकीस' संपवल्याबरोबर वाचा. आपल्यापासून वेळेआधी निघून गेलेल्या आणि मिळालेलं गमावून बसलेल्या मुलांमध्ये सॉक्रेटिस तिथे एकाचं नाव घेतो: लायसिमॅकसचा मुलगा ॲरिस्टायडीस. ज्याच्यासाठी ते दोन म्हातारे बाप हातात हात घालून आले होते, तोच.

एक गाठ मला अजून सुटलेली नाही, ती टाचणी यांच्यासाठी ठेवतो. सद्गुण म्हणजे ज्ञान, आणि सॉक्रेटिस जन्मभर म्हणतो की मला ज्ञान नाही. तरी अथेन्सच्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी त्याच्यासकट पाच जणांना थोलोस या सरकारी इमारतीत बोलावून सलामिसच्या लिऑनला मारण्यासाठी धरून आणा म्हणून सांगितलं, तेव्हा चौघे गेले आणि तो सरळ घरी गेला. 'गॉर्जिअस'मध्ये ५०८ च्या शेवटी तो म्हणतो की अन्याय करण्यापेक्षा सोसणं बरं हे माझं म्हणणं लोखंडी आणि वज्राच्या युक्तिवादांनी जखडलेलं आहे. 'मेनो'तल्या पुतळ्यांना हवे होते तसेच हे बंध. आणि लगेच पुढच्या वाक्यात, हे असं कसं ते मला माहीत नाही. बांधलेलं आहे असंही म्हणतो आणि माहीत नाही असंही. ही दोन वाक्यं एकत्र कशी बसवायची, यावर तुम्ही लिहावं.